कलर मोठा की रोन?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमा आणि टीव्हीवरच्या पोकरवर जो लेख आला त्याबद्दल लिहितेय. लेख जमलाय, फोटो पण मस्त, पण त्यात एक वाक्य आहे की पोकर म्हणजे आपली तीन पत्तीच, फक्त सूट-बूट घालून खेळलेली. आणि शेवटी ते नेहमीचं, की असले सिनेमे बघून पोरं बिघडतात. पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं अर्धवट. मी काही पोकर खेळणारी बाई नाही, कसिनोची पायरी कधी चढलेली नाही, पण ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते त्यामुळे नोटा मोजणारे हात आणि थापा मारणारे चेहरे दोन्ही भरपूर बघितलेत, शिवाय आम्ही बडोद्याचे, पत्ते आमच्याकडे पंचांगातच आहेत म्हणा ना.

म्हणजे काय ते सांगते, कारण तिकडच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. इथे श्रावणात सातम-आठम असते. शीतळा सातमला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधण छठला सगळं करून ठेवायचं, थेपले, पुऱ्या, बाजरीचे वडे, आणि मग ते गारच खायचं. स्वयंपाक नाही, ऑफिसला सुट्टी, बाहेर पाऊस, जन्माष्टमीला रात्री बारापर्यंत जागायचं, मग करणार काय, तर पत्ते. अख्खं गुजरात खेळतं. पोलिसांच्या धाडीही याच दिवसांत पडतात आणि इथले गुजराती पेपर दुसऱ्या दिवशी अमुक ठिकाणी इतके शकुनी पकडले असं छापतात, जुगाऱ्याला शकुनीच म्हणतात ते, मला फार आवडतं. आम्ही गायकवाडांच्या मागे आलेली मराठी घरं, गौरी-गणपती आपले करतो पण सातम-आठमही सोडत नाही. फक्त पैसे लावत नाही, चिंचोके लावतो. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांच्याकडे बोर्नव्हिटाचा एक जुना डबा आहे चिंचोक्यांचा, वर्षभर कुणाला हात लावू देत नाहीत.

तर अशाच एका आठमच्या रात्री आमच्या दांडिया बाजारच्या घरात बाहेरच्या खोलीत डाव मांडलेला आणि टीव्हीवर २००६ चा बॉन्डपट, कसिनो रोयाल, हिंदीत डब केलेला. दीर, जाऊ, भाचा, सासूबाई, शेजारचे एक गुजराती काका. शेवटचा मोठा डाव आला तसे आम्ही आमची पानं पालथी ठेवून टीव्हीकडे वळलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होल्डेम नावाच्या या पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं हातात आणि पाच पानं मधे सगळ्यांसाठी उघडी, सातातली सगळ्यात चांगली पाच धरायची. मधे पडलेला बदामचा एक्का, इस्पिकची अठ्ठी, छक्की, चव्वी आणि इस्पिकचा एक्का. चौघं उरलेत. पहिल्याने इस्पिकचे राजा-राणी टाकले. दीर म्हणाले, कलर! म्हणजे पाचही इस्पिकची, ओळीने नसली तरी. दुसऱ्याने दोन अठ्ठ्या दाखवल्या, म्हणजे तीन अठ्ठ्या झाल्या आणि वर दोन एक्के. काका म्हणाले ट्रायो झाला, आटोपलं. मग खलनायकाने एक्का आणि छक्की टाकली. तीन एक्के! आमच्या खोलीत टाळ्या पडल्या, कारण तीन पत्तीत तीन एक्क्यांच्या वर काही नाहीच, बॉन्ड मेला. आणि मग त्या पठ्ठ्याने इस्पिकची पंजी आणि सत्ती ठेवली, चारपासून आठपर्यंत सगळी इस्पिकची, म्हणजे आमच्या भाषेत पक्की रोन. काका खुर्चीत परत टेकत म्हणाले, बिचारा, थोडक्यात गेला. सासूबाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, हा हरला ना? मग हसतोय कशाला?"

संपादक महाशय, याला म्हणतात फरक. तीन पत्तीत ट्रायो सगळ्यात वर, त्याखाली पक्की रोन, मग साधी रोन, म्हणजे ओळीने पण सगळी एकाच चिन्हाची नसलेली, मग कलर. पोकरमध्ये पक्की रोन ट्रायोच्या कितीतरी वर, आणि साधी रोन कलरच्या खाली. तुमच्या लेखकाने सांगितल्याप्रमाणे तीन पत्ती समजून बघितलं तर अर्ध्या सिनेमांत कोण जिंकलं हेच उलटं कळेल, आमच्या घरात कळलं तसं.

बरं हे कुणी मनाने ठरवलेलं नाही, हिशोब आहे. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले, सवय जात नाही. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यात साध्या रोन ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तीन पत्तीत रोन दुर्मिळ आणि मोठी. पाच पानांचे प्रकार होतात २५,९८,९६० आणि त्यात रोन १०,२०० पण कलर ५,१०८, म्हणजे उलटं, कलर अवघड, म्हणून पोकरमध्ये कलर मोठा. आणि गंमत पुढेच आहे. तीन पानांत ट्रायो ५२ प्रकारे लागतो आणि पक्की रोन फक्त ४८ प्रकारे, म्हणजे हिशोबाने पक्की रोनच जास्त दुर्मिळ, तिचाच मान वर पाहिजे. आपण पिढ्यान् पिढ्या उलटं खेळत आलोय. हे मी दिरांना सांगितलं तर ते म्हणाले वहिनी, देवाच्या दिवसांत असलं बोलू नये.

आता तो बॉन्डचा डाव. एका डावात कलर, त्यावर फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी, त्यावर आणखी मोठं फुल हाउस आणि सगळ्यांच्या वर पक्की रोन, आणि मधे पडलेले साडेअकरा कोटी डॉलर. खऱ्या टेबलावर असं जन्मात बघायला मिळत नाही. पण मी त्यांना दोष देत नाही कारण सिनेमावाल्याची अडचण आहे, थिएटरमधल्या निम्म्या लोकांना खेळ येत नाही, तर त्यांना पायऱ्या दाखवल्याशिवाय कळणार कसं की कोण वर चढलं. बॉन्डचे लेखक फ्लेमिंग यांच्या १९५३ च्या मूळ कादंबरीत हा खेळ पोकर नव्हताच, बॅकरा नावाचा पत्त्यांचा दुसराच खेळ होता, तो बदलून होल्डेम केला कारण २००६ पर्यंत टीव्हीने जगाला होल्डेम शिकवून ठेवलेलं. हे टीव्हीचं मोठं काम तुमच्या लेखात एका ओळीत उरकलंय, त्यावर येतेच.

त्याआधी सिनेमातल्या दोन गोष्टी ज्या मला कॅशियर म्हणून खुपतात. एक म्हणजे ते "तुझे पाचशे बघतो..." मग मोठा पॉज, सिगरेटचा झुरका, "...आणि वर हजार". कसिनोत हे चालत नाही. पाचशे बघतो, म्हणजे तेवढेच भरतो, असं म्हणालास की संपलं तुझं, वाढवायचं तर एकदम बोलायचं, नाहीतर समोरच्याचा चेहरा बघून मग ठरवाल. अगदी बरोबर नियम आहे. काउंटरवर स्लिप सरकवून माझं तोंड बघून आकडा बदलणारे लोक मी परत पाठवलेत. दुसरं, चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी लावायच्या चकत्या, संपल्या की गाडीची किल्ली टेबलावर फेकणं. बॉन्डने बहामात एकाची ॲस्टन मार्टिन अशीच जिंकली. खरा नियम असा की डाव सुरू झाला तेव्हा तुमच्यापुढे जेवढं होतं तेवढंच लावायचं, घर नाही, गाडी नाही, मधेच खिशात हात नाही. म्हणजे बघा, युधिष्ठिर कसिनोत असता तर इंद्रप्रस्थ आणि भावांपर्यंत गेलाच नसता, चिप्स संपल्या, उठा महाराज.

पत्त्यांचा मला सगळ्यात आवडलेला सीन १९७३ च्या द स्टिंगमधला आहे, ट्रेनमध्ये खेळतात तो. पॉल न्यूमन दारू चढल्याचं नाटक करतो, समोरच्याने चार नव्व्यांचा डाव लावून ठेवलेला असतो आणि हा चार गुलाम टाकतो. समोरच्याला ओरडताही येत नाही की तू फसवलंस, कारण मग कबूल करावं लागेल ना की मी तुला दुसरीच पानं वाटली होती! तिथे एवढी मोठी पानं समोरासमोर आली तर खटकत नाही कारण सिनेमाच सांगतो की चोरी चाललीय. १९९८ च्या राउंडर्समध्ये तो रशियन खेळाडू बिस्किट कानाशी नेऊन उघडतो आणि खाल्लं तर समजायचं पानं भारी आहेत, हे काहींना पोरकट वाटलं असेल. मला नाही वाटलं. आमच्या ब्रांचला एक व्यापारी यायचे, बंडलमध्ये एखादी नोट कमी असली की घड्याळाची चावी फिरवत बसायचे, नाहीतर कधी नाही. मी आठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही, मोजायचे दोनदा आणि गप्प.

आता टीव्ही. लास वेगासची पोकरची मोठी स्पर्धा, वर्ल्ड सिरीज, १९७० पासून आहे पण कितीतरी वर्षं टीव्हीवर ती म्हणजे टोप्या घातलेली माणसं पालथ्या पानांकडे बघत बसलीत, संपलं. बघणाऱ्याला कळणार काय? मग हेन्री ओरेनस्टीन नावाच्या माणसाने टेबलातूनच खेळाडूंची पालथी पानं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. हा माणूस पोलंडचा ज्यू, नाझींच्या छावण्यांतून वाचलेला, अमेरिकेत जाऊन खेळण्यांचा धंदा केला, आणि पोरांचे ते गाडीचे रोबोट होतात ना ट्रान्सफॉर्मर, ते बाजारात आणण्यातही याचाच हात. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये चॅनल फोरवर लेट नाइट पोकर आलं त्यात टेबलाला काचा लावून खालून कॅमेरे. अमेरिकेत २००३ मध्ये वर्ल्ड पोकर टूर. बस्स, एवढ्या एका कॅमेऱ्याने खेळ बघणेबल झाला, कारण आता आपल्याला सगळ्यांचं माहीत आणि त्यांना एकमेकांचं माहीत नाही. हे आपल्याला नवीन आहे का? सासू-सुनेच्या सिरियलमध्ये दाराआडून कोण ऐकतंय हे आपल्याला दिसतं आणि सासूला दिसत नाही, तेच ते. मी तर म्हणते त्या कॅमेऱ्याने पोकरची सिरियल केली.

आणि त्याच २००३ सालचा एक डाव, जो भाच्याने मला दाखवला, तो मी बॉन्डच्या डावापेक्षा दहा पट वर ठेवते. ख्रिस मनीमेकर, आडनाव खरंच मनीमेकर आहे, टेनेसीतला अकाउंटंट, आमच्याच बिरादरीतला. त्या वर्ल्ड सिरीजच्या १० हजार डॉलर प्रवेश फी असलेल्या स्पर्धेत हा ऑनलाइन छोटी स्पर्धा जिंकून फार थोड्या पैशांत आलेला आणि ८३९ जणांतून शेवटच्या दोघांत पोचलेला. समोर सॅमी फारहा, मुरलेला माणूस, तोंडात न पेटवलेली सिगरेट. फारहाकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, म्हणजे शून्य, इस्पिकच्या कलरची वाट बघत होता तो आलाच नाही. शेवटचं पान पडलं आणि त्याने सगळ्याच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. काहीही हातात नसताना! फारहा विचार करतोय, चिप्सशी खेळतोय, काहीतरी बोलून याला बोलतं करायला बघतोय, आणि हा दगडासारखा बसलाय. आपल्याला खाली दोघांची पानं दिसतायत. मी अक्षरशः टीव्हीला म्हणत होते अरे भर, भर, याच्याकडे काही नाहीये. फारहाने पानं टाकून दिली. पुढे मनीमेकर जिंकला, २५ लाख डॉलर.

यात ना पक्की रोन ना फुल हाउस. सगळ्यात रद्दी पानं जिंकली. आणि हे सिनेमात का नाही दिसत फारसं, तर सिनेमाला शेवटी पानं उलटून दाखवायचीच असतात, पानं उलटली नाहीत तर प्रेक्षक म्हणणार पैसे वाया. खरं पोकर पानं न उलटता संपतं बहुतेक वेळा. १९६५ चा सिनसिनाटी किड घ्या, त्यात निदान हिरो हरतो एवढं मोठं मन दाखवलंय पण हरतो कसा तर फुल हाउस घेऊन, समोर पक्की रोन. परत तेच. आपल्याकडे २०१० मध्ये अमिताभ आणि बेन किंग्सले यांचा तीन पत्ती नावाचाच सिनेमा आला, त्यात गणिताचे प्रोफेसर होते म्हणून मी हौसेने बघितला, गणित कुठे गेलं ते सापडलं नाही.

मनीमेकरनंतर काय झालं ते आकड्यातच दिसतं. २००३ ला ८३९ खेळाडू, २००४ ला २,५७६, २००६ ला ८,७७३. म्हणजे तुमचा लेखक म्हणेल बघा, बिघडले ना टीव्ही बघून. हो, पण कशाने ते बघा. टीव्हीवर चार-चार दिवसांच्या खेळातून निवडून निवडून तासाभराचे डाव दाखवतात. चांगला खेळाडू दहातले सात-आठ डाव पानं बघून सरळ टाकून देतो, तास तास बसून राहतो, तो भाग कापलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं हे लोक सारखे चिप्स ढकलतायत. मी पुरस्कारासाठी सिनेमा काढला असता तर त्यात एक माणूस दोन तास पानं टाकून देताना दाखवला असता, कुणी आलं नसतं बघायला ते सोडा.

पण आपल्याकडची पोरं बॉन्ड बघून बिघडली असं मला कुणी सिद्ध करून दाखवा. अठ्ठ्याऐंशी सालच्या महाभारतात द्यूत अख्ख्या देशाने रविवारी सकाळी बघितलं, रस्ते ओस पडायचे, म्हणून काय सोमवारी लोक फासे घेऊन बसले? आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा, बावीस वर्षांचा, नाव सांगत नाही, चाळीस हजार घालवून बसला मोबाइलवर, मग बाइक विकली आणि आईला सांगितलं चोरीला गेली. त्याने सिनसिनाटी किड बघितला होता का? त्याने क्रिकेटच्या ओव्हर संपल्यावर येणारी जाहिरात बघितली होती, त्यात ओळखीचा चेहरा हसून म्हणतो डोकं लाव आणि जिंक, आणि शेवटी एक माणूस दोन सेकंदांत पुटपुटतो की याची सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. सिनेमातला हिरो निदान सांगतो की मी हिरो आहे, तू नाहीस. जाहिरात सांगते तूच.

गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्येच पोकर म्हणजे नशिबाचा खेळ, जुगार, असा निकाल दिलेला, तरी मोबाइलमधे हे सगळं होतंच. आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद आणि त्यांच्या जाहिराती पण बंद, मग तो खेळ नशिबाचा असो की डोक्याचा. चांगलं झालं. (डोकं की नशीब या वादात मी पडत नाही, मनीमेकरचा तो डाव बघून कोर्टाला काय वाटलं असतं याचं कुतूहल मात्र आहे.) पण त्याआधीची चार-पाच वर्षं त्या जाहिराती पहिल्या पानावर अर्धं अर्धं पान छापून कोण पैसे घेत होतं, ते जरा तुमच्या जुन्या अंकांत बघाल का? पुरवणीत सिनेमाला दोष देताना हे आठवलं असतं तर बरं झालं असतं. हे वाक्य कापलंत तर मला कळेल, मी मोजते.

एक छोटी विनंती. यापुढे अशा सिनेमांची परीक्षणं लिहिताना एका चौकटीत कुठलं पान कुणाच्या वर ते छापत जा, दहा ओळी लागतात. आणि डब करणाऱ्यांपर्यंत तुमची ओळख असेल तर सांगा की फोल्ड म्हणजे पानं टाकून देणे, मोडणे नव्हे. त्या रात्री टीव्हीवर एक माणूस चक्क म्हणाला "मैं मोड़ता हूँ", आणि जाऊ म्हणाली काय मोडतोय हा, लग्न?

हो, मनीमेकरचा तो डाव मी या वर्षी सासूबाईंनाही दाखवला, फारहाने पानं टाकली तिथे थांबवून समजावून सांगितलं की बघा आई, याच्याकडे काहीच नव्हतं आणि त्या बिचाऱ्याला ते कळलंच नाही. त्या म्हणाल्या कळेल कसं, चिंचोके नको का भरायला? मग डाव सुरू झाला, त्या ब्लाइंड खेळल्या, पानं न बघता तीनदा दुप्पट केलं, मी घाबरून जोडी टाकून दिली. त्यांनी चिंचोके ओढले आणि स्वतःची पानं तशीच न बघता कॅटमध्ये घालून पिसायला घेतली. मी म्हटलं आई, निदान बघा तरी काय होतं. त्यांनी पानं वाटायला सुरुवात केली होती.

आपली,
एक निवृत्त कॅशियर
दांडिया बाजार, वडोदरा